जेसिंता थांबेना

खोटं बोलून मला काय मिळणार आहे? पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. तारकर्लीची, आणि तीही भर दुपारची. त्या गाडीत मी स्वतः होते.

मी किशोरी. पॅरामेडिकचं ट्रेनिंग करते. सकाळी काजूच्या कारखान्यात काम, दुपारपासून अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्युटी, घरी गेल्यावर भाकऱ्या, मग पुस्तक. त्या पुस्तकावरच मान टाकून झोपायचं. आई रोज म्हणायची, "सोड गो ता सगळा, जीव जातलो तुझो."

माझी मैत्रीण जेसिंताही याच चरकात होती. पावसाळ्यात सलग दोन ड्युट्या करून नांदगावहून स्कूटीवर घरी निघाली. वाटेत डोळा लागला.

संपलं.

आम्हाला शिकवलेला एक नियम सांगते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबताना दमलात, की 'बदल' म्हणायचं. जोडीदाराने जागा घेतली की लगेच हात काढायचे. खंड पडता कामा नये, आणि डॉक्टर सांगेपर्यंत थांबायचं नाही. वर्गात माझी जोडीदार कायम जेसिंताच असायची.

त्या दुपारी कॉल आला. जेसिंताचे वडील, विन्सेंट अंकल, अंगणात कोसळले होते.

आम्ही पोचलो तेव्हा तिच्या आईने, आंटींनी, माझा हात घट्ट धरला.

"किशोरी, माझा चेडू, माझी जेसिंता गेली. ह्येंका तरी परत घेवन ये गो."

मी हात सोडवून घेतला आणि अंकलची छाती दाबायला लागले.

ड्रायव्हर आला नव्हता, म्हणून माझे सीनियर जितेंद्र सर गाडी चालवत होते. मागे मी एकटी. समोर टुरिस्टांच्या गाड्यांची रांग. सायरन बोंबलतोय आणि मेले बाजूला व्हायला तयार नाहीत.

मी दाबत राहिले. हात भरून आले. खांदे गळून पडतील असं वाटत होतं. डोळ्यांसमोर फक्त आंटी. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं...

"बदल."

कोण घेणार होतं?

कानाजवळ आवाज आला...

"सोड गो. मी घेतंय."

माझे हात आपोआप निघाले.

अंकलची छाती खाली गेली. वर आली. परत खाली...

तिथे कुणीच नव्हतं.

पळावंसं वाटलं, पण पळणार कुठे? आणि खरं सांगू, त्या क्षणी मला बरंच वाटलं. मी अंकलच्या तोंडावर मास्क धरला, पिशवी दाबून श्वास देऊ लागले. रडत रडत म्हणत होते, "कर गो बाय. सोडू नको."

सरांनी पुढून विचारलं, "किशोरी, दमलंस काय गो?"

"नाय सर."

हॉस्पिटलला पोचल्यावर सर मागचं दार उघडताना मी घाईघाईने माझे हात छातीवर ठेवले. हातांखाली काहीतरी बर्फासारखं गार होतं.

डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले. मग मान हलवली. चादर ओढली. सगळे आंटींना सांगायला बाहेर गेले. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले.

आणि छातीवरची चादर खाली गेली...

वर आली...

खोलीत धापा ऐकू येत होत्या. एका दमलेल्या मुलीच्या.

मला ते बघवेना. मेल्यावरही या पोरीला विसावा नाही?

"पुरे गो जेसिंता," मी म्हटलं. "डॉक्टरांनी थांबाक सांगल्यानी. नीज आता."

धापा हळूहळू बंद झाल्या. चादर सपाट झाली.

आणि मग चादरीखालून एक श्वास ऐकू आला...

तो तिचा नव्हता. पुरुषाचा होता.

मी ओरडत डॉक्टरांकडे धावले. त्यांनी परत तपासलं. काही नव्हतं. "शरीरातून कधी कधी हवा निघते," ते म्हणाले.

असेलही. पुस्तकातही तसंच लिहिलंय.

आंटी भेटल्या की अजून विचारतात, "शेवटाक ह्येंची कायच हालचाल नाय होती गो?"

मी नाही म्हणते. त्या मला चहा देतात.

मी तिला थांबवलं नसतं तर?