एक ओहम आणि एक मागणं

चिमकेंतच्या जुन्या घोडामैदानावर गाड्यांतल्या स्पीकरच्या धमधमाटाची स्पर्धा सुरू होण्याच्या बेतात होती, आणि नेमका तेव्हाच मेरुएर्तच्या डिकीतला लाल दिवा लागला. अ‍ॅम्प्लिफायर गप्प.

"रुसलाय तो," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. एक तरुण; हातात खरबुजाची फोड, शर्टावर तिचाच रस, आणि डोळे... डोळ्यांकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी नाही. पण वूफरच्या दोन कॉइल, दोन-दोन ओहमच्या. समांतर जोडल्यात, म्हणजे झाला एक ओहम. तुमचा अ‍ॅम्प दोनच्या खाली उतरणारा नाही. बंद पडणार नाही तर काय?"

"ठाऊक आहे. वाटलं, मिनिटभर तरी तग धरेल. एकामागे एक जोडल्या तर चार ओहम होतात — मग निम्माच दम. तेवढ्यावर मी पहिल्या तिघांत येते होय?"

यायलाच हवं होतं. नाहीतर गाडी थोरल्या भावाची. सगळ्या घरादारासमोर, जेवता जेवता शब्द दिला होता तिने. आत्ताही तो कठड्याला टेकून बाउरसाकचे तळलेले गोळे चघळत होता... अगदी निवांत.

"तुमचं तरी काय आहे, बघू."

"मी बेकझात," म्हणत त्याने शेजारच्या आपल्या गाडीची डिकी उघडली. ती वाकून बघू लागली. अ‍ॅम्प एक ओहमवर पूर्ण ताकद देणारा! आणि वूफर? चार-चार ओहमच्या कॉइलचा. कसाही जोडा, दोनच्या खाली येतच नाही.

"शर्यतीचा घोडा आणि जुंपलाय भाजीच्या गाड्याला," ती म्हणाली.

"घोडा आधी आला. गाडा नंतर, स्वस्तात मिळाला."

मेरुएर्तने ओठ चावला. मग म्हणाली, "बेकझात, कोल्का. तुझा अ‍ॅम्प मला दे."

आजूबाजूचे हात थांबले. कोल्का म्हणून घोडा मागा, शिकारी कुत्रा मागा, समोरच्याला नाही म्हणता येत नाही. पण मग देणाऱ्यालाही उलट काही मागता येतं, आणि तेही नाकारायचं नसतं.

बेकझातने खरबुजाची फोड टपावर ठेवली आणि स्क्रू सोडवायला घेतले. "आणि माझं मागणं?"

"माग," ती म्हणाली.

"आता पोरगीच मागतो बघा," शेजारचा मिशीवाला खिदळला.

बेकझात तिच्याकडे पाहत राहिला... जरा जास्तच वेळ.

"तुझा अ‍ॅम्प दे," तो म्हणाला. "माझ्या वूफरला दोन ओहमवालाच हवाय. मीही स्पर्धेत आहे."

तिला हायसं वाटलं. आणि मेलं मन — थोडं खट्टूही झालं.

दोघं एकाच डिकीत डोकं घालून वायरी कसू लागले. "तांबडी धर," तो म्हणायचा, आणि तिच्या हाती काळीच यायची.

तिची पाळी आली. पहिल्याच ठोक्याला काच थरथरली, आरसा निखळला, मिशीवाल्याची टोपी नाकावर आली. लाल दिवा लागला नाही. मेरुएर्त दुसरी आली, बेकझात तिसरा. भाऊ आला, पैजेसाठी घेऊन ठेवलेली गाडीची दुसरी किल्ली तिच्या तळहातावर ठेवून गेला.

"हा तुझा अ‍ॅम्प परत घे," ती बेकझातला म्हणाली, उगाचच.

"कोल्का परत घेत नाहीत."

"मग... आणखी काही मागायचं होतं का तुला?"

"होतं. पण कोल्का म्हणून मागितलं असतं, तर तुला नाही म्हणता आलं नसतं." त्याचे कान लाल झाले होते. "ते मला नको होतं. म्हणून आता साधंच विचारतो. तू मला फार आवडलीस. माझ्याबरोबर चहाला येशील?"

"नाही," मेरुएर्त म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. तिने क्षणभर तो डोळे भरून पाहिला.

"नाही म्हणता येतं खरंच," ती म्हणाली. "बस गाडीत. मी चालवते."