फोटोतला हलता जबडा

"आजोबा उद्या येणार नाहीत. पाय दुखतोय म्हणे," केमिलेंबे म्हणाली.

"पाय कसला! पाटी झोंबलीय त्यांना," तिचा आतेभाऊ मुगान्यिझी म्हणाला.

पाटीच तशी होती. बुकोबा गावातल्या एका खोलीच्या संग्रहालयात उद्यापासून जुन्या फोटोंचं प्रदर्शन, आणि दारातच आधीपासून टांगलेला सगळ्यात मोठा फोटो. खुर्चीवर ऐसपैस बसलेला जर्मन प्रवासी आणि त्याच्यापुढे चटईवर बसून हात पुढे केलेले रुगेमालिरा, म्हणजे आजोबांचे आजोबा. खाली लिहिलेलं, 'गोऱ्या प्रवाशापुढे भीक मागताना स्थानिक माणूस'.

ऐन सुट्टीत गल्लीतली पोरं केमिलेंबेला 'भिकाऱ्यांची' म्हणायला लागली होती. तिला जेवण गोड लागत नव्हतं. खरंच भीक मागितली असेल तर? हा किडा डोक्यातून जात नव्हता.

"ए, या गोऱ्याचं तोंड बघ," मुगान्यिझी फोटोला नाक लावून म्हणाला. "बाकी सगळं स्पष्ट. मिशीखालीच पुसट."

"हलला असेल. तेव्हा फोटो काढताना पुतळ्यासारखं बसावं लागायचं."

"मग टोपी नाही हलली, डोळे नाही हलले, नुसता जबडा?"

केमिलेंबे पुढे सरकली. "चघळतोय तो. आणि खापरपणजोबांचा गाल बघ, फुगलाय."

दारी आलेल्याला टोपलीतल्या वाळवलेल्या कॉफीच्या बिया चघळायला द्यायच्या, पण आधी यजमानाने स्वतः एक तोंडात टाकायची, हे बुकोबात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मागत नाहीयेत. देतायत," केमिलेंबे म्हणाली. "पण टोपली कुठंय?"

फोटोच्या कडेला पुठ्ठ्याची रुंद पट्टी होती. तिने सरळ चौकट उतरवली आणि मागून पुठ्ठा ओढला.

"अगं कार्टे!" संग्रहालय सांभाळणारे म्वोलेका काका बाहेरच्या मांडवातून धावत आले. "कडेला वाळवी लागली होती, म्हणून झाकलं होतं ते!"

वाळवीने खाल्लेल्या कडेला, रुगेमालिरांच्या गुडघ्याशी, झाकणाची विणलेली टोपली होती.

"काका, तुमच्याकडे कोणी आलं तर तुम्ही असंच करता ना?"

काका पायरीवर बसले. "रोज करतो गं. पाटी परदेशातून आली, मी तशीच लावली. फोटोकडे नीट बघितलंच नाही."

पोरांनी सांगितल्यावर संध्याकाळी आजोबा आले. नवी पाटी त्यांनी दोनदा वाचली: 'पाहुण्याला कॉफी देताना रुगेमालिरा'.

"गोऱ्याचं नाव कागदपत्रांत आहे, पण मी मुद्दाम गाळलंय," काका म्हणाले.

"का? घरी आला होता ना? घाला त्याचंही." मग आजोबांनी दोघांना जवळ ओढलं. "शाबास रे पोरांनो. घराची अब्रू राखलीत."

मुगान्यिझी फुशारला. केमिलेंबेने मात्र विचारलं, "आजोबा, तिकडे जर्मनीतही हा फोटो असेल? जुन्याच पाटीचा?"

"असेल," आजोबा म्हणाले. "शंभर वर्षं माझे आजोबा तिथे भीक मागत बसलेत, पोरी."

तेव्हा कुठे केमिलेंबेला रडू फुटलं, आणि आजोबांनी तिला गप्प केलं नाही.