नदीच्या अलीकडे

"भीती वाटते का?" दाताच्या दवाखान्यात नावे नोंदवून घेणाऱ्या तिने विचारले.

"छे! दाढेला वाटतेय. मी नुसता सोबतीला आलोय," गालावर रुमाल दाबून तो म्हणाला.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. अंधाऱ्या पोकळीत एकट्याने उतरणे हा त्याचा रोजचाच धंदा. पण आतल्या यंत्राची घरघर ऐकून त्याचा चेहरा पार उतरला होता. तिने कपाटातली एक जाडजूड कादंबरी त्याच्यापुढे सरकवली.

"ही वाचा. घनदाट अरण्यात वाट चुकलेले दोघं—जमीन मोजायला आलेली एक फटकळ बाई आणि तिचा अबोल नावाडी. मागे वणवा, पुढे पूर आलेली नदी... तिथं तुमच्या दाढेची काय मातब्बरी?"

"नदी ओलांडतात का?"

"ते मीच सांगितलं, तर तुम्ही परत कशाला याल?"

बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

दिवसभर तिच्या तोंडी एकच वाक्य असे—"पुढचे, आत या." पुढचे आत जात, तिच्याकडे कुणीच येत नसे. घरी कुलूप उघडल्याचा खटका, तेवढेच काय ते स्वागत. म्हणून, त्याच्या दाढेला बऱ्याच खेपा लागणार हे कळताच तिला जे वाटले, त्याला आनंद म्हणणे निर्दयपणाचे ठरेल. पण तो आनंदच होता.

'पुस्तके बाहेर नेऊ नयेत' अशी भिंतीवर पाटी होती. तो येई, वाची. आत जाऊन आला, की बधिर गालाने अर्धेच हसून पुन्हा वाचत बसे. तीही त्याचा नंबर हळूच मागे ढकली.

"अगं," डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "त्यांची दाढ बरी होतेय, तुझंच दुखणं वाढत चाललंय!"

शेवटच्या खेपेच्या सकाळी तिने धास्तावूनच कादंबरी उघडली. आता कितीशी पाने उरली असणार? पण त्याची खुणेची चिठ्ठी नदीच्या अलीकडे होती. गेल्या खेपेला ती पैलतीरावर होती, हे तिने स्वतः पाहिले होते.

त्या दिवशी इंजेक्शन नव्हते, नुसती तपासणी. तो लगेच बाहेर आला.

"झालं. आता यायला नको म्हणाल्या."

"आणि कादंबरी?"

"राहिली थोडी..."

"अहो, लोक पुढे वाचतात. तुम्ही मागे मागे चाललात!"

तो गडबडला. मग हलकेच म्हणाला, "नदी ओलांडली की गाव लागतं. गावात दोघं आपापल्या वाटेनं गेले, तर... दाढेची भीती केव्हाच गेली होती हो. ही नवी लागली."

तिने पुस्तक उचलून त्याच्या हाती दिले. "घरी न्या."

"आणि ती पाटी?"

"पेशंटसाठी आहे. तुम्ही आता पेशंट नाही."

"मग कोण?"

"सहाला मी कुलूप लावते. तोवर थांबलात, तर..." तिची नजर पुस्तकावर खिळली. "नदी ओलांडल्यावर सांगेन."

तो हसला. आज गाल बधिर नव्हता. ते हसू पुरते कसे दिसते, हे तिला प्रथमच कळले.