बाजू सांगा, मग पाय दाखवा

कल्पना करा हं. भरल्या सभागृहात तुम्हाला उभं राहून बोलायचंय, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो शेजारीच बसलाय. शिवाय... तो आवडलाय.

आपल्या गोष्टीतल्या फिजिओथेरपिस्ट मुलीचं तसंच झालं. थेरपिस्टांच्या संघटनेची सभा होती; उशीर झाला म्हणून मिळेल त्या खुर्चीवर ती टेकली. शेजारच्याने पिशवी उचलली.

"बसा. मी चावत नाही."

"मग दात कशाला दाखवताय?"

तो आणखीच हसला. तिची नजर उगीच खाली वळली.

मग कळलं, आचारसंहितेतलं नवं कलम त्यानेच लिहिलंय: प्रत्येक थेरपिस्टने आपली सामाजिक भूमिका दारावर पाटी लावून जाहीर करावी.

"माझ्या आईला, ती कोणत्या समाजाची हे विचारून, एका दवाखान्यातून परत पाठवलं होतं," तो हळूच म्हणाला. "सगळे गप्प बसले. गप्प बसणं हीसुद्धा बाजूच असते."

तिला ते पटलं, म्हणूनच जास्त धडकी भरली. तिच्याकडे एक चिमुरडी यायची. पाय मोडल्यापासून लंगडी घालत, टुणटुण उड्या मारत चालायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणायचे. त्या पोरीचे बाबा हिच्या कट्टर विरुद्ध मताचे. तशी पाटी दिसली की ते पोरीला परत नेणार, आणि गुडघा तसाच आखडणार.

पण बोललं, तर हा पुन्हा हसेल का...?

तरी ती उठली. "भूमिका असावी. पण दारावर लावली, तर न पटणारे आत येणार नाहीत. त्यांची मुलंही."

"म्हणजे भ्यायचं?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

"भ्यालेच आहे. एका पोरीच्या पायासाठी."

ती खाली बसली. त्याच्याकडे बघवेना. तो कलम खोडत होता.

"'इथून कुणालाही परत पाठवणार नाही'... एवढंच लावलं तर?"

"चालेल," ती म्हणाली.

"आणि तुम्ही रोज भांडायला याल? मला... आवडेल."

"रोज नाही. रविवारी सुट्टी."

बदललेलं कलम मंजूर झालं. तिच्या दवाखान्याच्या दारावर पाटी ठोकायला तोच आला. तेवढ्यात खारूताईला घेऊन बाबा दारात उभे राहिले. त्यांनी पाटी वाचली.

"ते ठीक आहे. पण ताई, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?"

त्याच्या हातातली हातोडी थबकली.

"तुमच्या मतांच्या नाही," ती म्हणाली. "हिच्या गुडघ्याच्या."

बाबा हलेनात. त्यांनी पोरीचा हात आवळून धरला.

खारूताईने एकेक बोट सोडवत हात काढून घेतला, लंगडी घालत आत गेली, आणि कॉटवर चढून पाय पुढे केला.