फिरत राहिलेला पंखा

“बाय, वरचे म्हातारीला तिचा भाचा भायेरशी कडी घालतो. जरा ध्यान ठेव.”

दिवाळे कोळीवाड्याची भिमाबाई भांडी घासताना हे बोलली होती. ती चारुलताकडे आणि वरच्या ब्लॉकात कामं उरकून मग मासे विकायला जायची. चारुलतानं नुसती मान हलवली. कडेवर तापानं फणफणलेलं बाळ होतं. शिवाय कामाच्या बायका एका घरचं दुसरीकडे तिखटमीठ लावून सांगतात, अशी तिची समजूत होती.

मग एका दुपारी वाशीच्या त्या नव्याकोऱ्या इमारतीच्या जिन्यात धूर उतरला.

चारुलता वर धावली. वरच्या ब्लॉकचं ओढलं की लागणारं कुलूप बंद. तेवढ्यात श्यामसुंदर स्कूटर लावून आला. सोसायटीचा सेक्रेटरी, कंपनीत मॅनेजर. ‘लेडीजनी टेक्निकल विषयात बोलू नये’ असं मीटिंगमध्ये ऐकवणारा गृहस्थ. त्यानं कुलूप उघडलं, आतल्या खोलीची कडी काढली आणि खोकत ओरडला, “शेगडी! त्या बाईनं शेगडी चालू ठेवली!”

चारुलतानं त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. खाटेवर त्याची आत्या दुर्गाबाई बेशुद्ध. गादी एका कोपऱ्यातून धुमसत होती. खाली डास घालवायच्या वेटोळ्या उदबत्तीचा पत्र्याचा स्टँड. वर ट्यूबलाइट चालू होती. पंखा धूर घुसळत होता. गादीला खेटून विजेची शेगडी होती. तिच्या वायरीला पिन नव्हती; उघड्या तारा छोट्या प्लगात काडेपेटीच्या काड्यांनी खोचलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई इस्पितळात होत्या. बोलता येत नव्हतं. आणि फौजदार बाजीराव भिमाबाईला चौकीत न्यायला वरच्या ब्लॉकात आले होते.

“मी कशाला तारेला हात लावीन? मना करंटचा भ्याव हाय,” भिमाबाई म्हणाली. “मी गेली तवा शेट घरातच व्हते.”

“मी तिच्या आधीच बाहेर पडलो,” श्यामसुंदर म्हणाला. “साहेब, यांची अक्कल बघा. काड्या खोचून शेगडी लावतात. थंडी वाजली असेल म्हातारीला, दिली पेटवून, कडी घातली, चालली माशांची पाटी घेऊन.”

चारुलता खाली गेली आणि नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं मीटर घेऊन आली. मधुकर मागून म्हणाला, “तू कशाला पडतेस यात? बाळाला दूध दे.”

“दिलंय. आता तू घे त्याला.”

तिनं वर येऊन फौजदारांची परवानगी मागितली.

“वहिनी, हा स्वयंपाक नाही,” श्यामसुंदर हसला.

“म्हणूनच तुम्हाला विचारते. तुम्ही आत गेलात तेव्हा शेगडी तापलेली होती?”

“लालबुंद. मी स्वतः बटन बंद केलं.”

“पंखा?”

“चालू होता. तुम्हीच पाहिलात की.”

“दिवा, पंखा आणि हा प्लग एकाच फ्यूजवर आहेत?”

“एकाच. बिल्डिंगच्या वायरिंगची माहिती मला विचारा.”

“विचारलीच.”

तिनं शेगडी उलटी केली. बुडाच्या पट्टीवर कोरलं होतं: २३० व्होल्ट, १२ अँपिअर.

“साहेब, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. दोन हजार सातशे साठ. अशी शेगडी स्वयंपाकघरातल्या जाड पिनेच्या प्लगावर चालते. इथल्या फ्यूजची तार पाच अँपिअरची; बारा ओढले की वितळते. फ्यूज बाहेर काढून बघा.”

फौजदारांनी बोर्डातला चिनी मातीचा फ्यूज उपसला. तार केसासारखी बारीक होती. स्क्रूंवर रंगाऱ्याचा चुना अजून तसाच होता; म्हणजे ती तार कुणी बदललेली नव्हती.

“शेगडीची आतली तार मी बदलून घेतलीय,” श्यामसुंदर घाईनं म्हणाला. “हलकी टाकलीय. फार करंट घेत नाही.”

“तेही बघू. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध मिळतो. दोनशे तीस भागिले बारा, म्हणजे एकोणीस ओहम. हलकी तार असेल तर आकडा बराच मोठा येईल.”

तिनं मीटरची टोकं लावली. काटा एकोणीसवर जाऊन बसला.

श्यामसुंदरनं रुमाल काढला.

“आता पंखा लावा, साहेब. मग शेगडीचं बटन दाबा.”

पंखा फिरू लागला. फौजदारांनी बटन दाबलं. शेगडीची तार जेमतेम तांबूस झाली असेल, तोच बोर्डात फट् होऊन फ्यूज उडाला. पंखा मंदावला आणि थांबला.

“काल तो थांबला नव्हता,” चारुलता म्हणाली. “म्हणजे इथे शेगडी पेटलीच नव्हती. मग लालबुंद शेगडी यांनी कुठे पाहिली? जी नव्हती ती पाहिल्याचं फक्त हेच सांगतात. भिमाबाई गेल्यावर यांनी गादीखाली डासांची उदबत्ती लावली. भर दुपारी, डास नसताना. कापूस हळूहळू धुमसतो. तेवढ्यात स्कूटरवरून कुठेतरी तोंड दाखवून यायचं. कडी बाहेरून. शेजारी शेगडी आणि काड्या, म्हणजे दोष अडाणी बाईचा. ब्लॉक दुर्गाबाईंच्या नावावर आहे आणि विकायला त्या सही देत नाहीत, हे साऱ्या जिन्याला ठाऊक आहे.”

“मी मॅनेजर आहे,” श्यामसुंदर म्हणाला.

“हो ना. तुमच्याकडे फ्यूज उडाला की शिपाई येतो. तो का उडतो, हे कधी विचारावं लागलं नाही तुम्हाला.”

फौजदारांनी भिमाबाईला सोडलं आणि त्याचा हात धरला. जिन्यात भिमाबाई त्याला म्हणाली, “हलू उतर, शेट. म्हातारीसारकी धरायला काठी नाय तुझेकडं.”

दुर्गाबाई वाचल्या. बोलता आल्यावर त्यांनी आधी खोलीच्या दाराची कडी काढून टाकायला सांगितली.

तुमच्याही जिन्यात एखादी म्हातारी असेल, जी फार दिवसांत गॅलरीत दिसलेली नाही. घरचे म्हणत असतील, ‘झोपलीय.’ आज साखर मागायच्या निमित्तानं जा. तिच्याशी दोन शब्द बोला. आणि निघताना तिच्या दाराची कडी कुठल्या बाजूला आहे, ते बघून या.