पिशवीच्या आत लिहिणारी पेन्सिल

"भोंग्या, हळू बोल! अख्ख्या गल्लीला ऐकू जातंय!" दादाने दटावलं.

"मी कुजबुजतोच आहे!" भोंगा ओरडला.

कुजबुजणं भोंग्याला कधी जमलंच नाही. म्हणून तर मावशीच्या या चिरंजीवांना घरीदारी सगळे भोंगाच म्हणत. बेत अगदी गुप्त होता. सुट्टीचा हा शेवटचा शनिवार, सोमवारी शाळा सुरू. त्याआधी लाकडी खोक्याला चार चाकं ठोकायची आणि गाडी उतारावरून सोडायची! पण मावशी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने तिघांनाही आपल्या हार्डवेअरच्या दुकानात अडकवून ठेवलं होतं.

"आधी हे स्क्रू पिशव्यांत भरा, मग तुमचं ते गुप्त काम करा," असं म्हणून ती गिऱ्हाइकाकडे वळली.

पिटुकली मुकाट्याने कामाला लागली. ती अकरा वर्षांची होती आणि काउंटरच्या वर तिचे फक्त डोळे दिसत. तिचा दादा तेरा वर्षांचा होता, पण स्वतःला चाळीस वर्षांचा समजे. दोघं सुट्टीभर मावशीकडे राहायला आले होते.

"अगं, किती कोंबतेस? फाटेल ती!" दादा म्हणाला, आणि त्याच क्षणी पिशवी टर्रकन फाटली. स्क्रू सैरावैरा पळाले.

पिटुकली फाटकी पिशवी टाकणार होती, पण तिची नजर आतल्या बाजूला गेली. ती पिशवी म्हणजे कुणाच्या तरी गणिताच्या चाचणीचा कागद होता. टाकीत मिनिटाला सहा लिटर पाणी येतं, दोन लिटर गळतं, तर ऐंशी लिटरची टाकी किती मिनिटांत भरेल? कुणीतरी 'दहा' लिहिलं होतं आणि त्यावर लाल शाईने 'बरोबर'ची खूण होती. त्याच्या खाली मात्र बारीक, टोकदार पेन्सिलीने लिहिलं होतं, 'चूक! गळतं ते वजा करायचं. चारच लिटर उरतात. उत्तर वीस. पण आधी ती गळती बुजवा ना!'

"अरे, ही पिशवी गुरुजींच्या चुका काढते!" पिटुकली किंचाळली.

मग काय! तिघांनी रिकाम्या पिशव्यांत डोकी खुपसायला सुरुवात केली. जवळपास प्रत्येक पिशवीत पेन्सिल बोलत होती. कुठे भागाकार, कुठे नद्यांची नावं. एका पिशवीत गोष्टीचं पान होतं. कप्तान शिडावर चढतो, वीज कडाडते आणि पान संपतं. तळाशी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पुढचं पान कुणाकडे आहे? तो वाचला का?'

पिटुकलीने पिशवी उलटसुलट करून पुढचं पान शोधलं. अशा ठिकाणी गोष्ट तुटली असती तर ती स्वतः जेवलीसुद्धा नसती.

"मावशी, या पिशव्या कोण देतं गं?"

"पलीकडच्या चाळीतली पिशवीवाली. शेवटची खोली. का गं?" मावशीने विचारलं, पण उत्तर द्यायला दुकानात होतं कोण? तिघं केव्हाच रस्त्याला लागले होते.

*

शेवटच्या खोलीत पिशव्यांचे मनोरे उभे होते आणि खळीचा आंबूस वास भरला होता. एका कोपऱ्यात पिशवीवाली काकू जाड कागद चिकटवत होती. दुसऱ्या कोपऱ्यात पिटुकलीच्याच वयाची एक मुलगी घड्या घालत होती. तिच्या कानामागे बोटभर उरलेली पेन्सिल होती.

"पेन्सिल सापडली!" भोंगा गरजला. काकूच्या हातातला कागद खाली पडला.

"कप्तान वाचला का, ते आम्हालाही माहीत नाही," पिटुकली घाईघाईने म्हणाली. "पण टाकीचं उत्तर वीसच आहे!"

मुलगी आधी लाजली, मग खुदकन हसली. पुढच्या पाच मिनिटांत चौघांची गट्टी जमली, आणि तिचं नाव कायमचं पेन्सिल पडलं.

"तू कितवीत आहेस?" दादाने विचारलं.

पेन्सिलचं हसू मावळलं. "कितवीतच नाही. मागच्या वर्षी आईचा हात मोडला, म्हणून पिशव्या मी करत होते. वर्षभर शाळा सुटली. आता घेत नाहीत."

"घेत नाहीत म्हणजे?"

"शाळेचा नियम आहे. वर्षभर घरी राहिलेल्या मुलीने परत यायचं तर अर्ज करायचा, तोही सुट्टीआधी. मी केला होता. चाळीतल्या आणखी दोघींनी केला होता. आता शाळेतले कारकून म्हणतात, अर्ज आलेच नाहीत. आज अकरा वाजता समितीची बैठक आहे. प्रवेशाची यादी कायम झाली की संपलं. मग कधीच नाही."

"शिक्केकाका!" भोंग्याने कपाळावर हात मारला. तो त्याच शाळेत शिकत होता. "ते दिसेल त्या कागदावर शिक्का मारतात आणि मग कागद कुठे ठेवला ते विसरतात!"

"माझ्यासमोरच मारला होता शिक्का," पेन्सिल म्हणाली. "सुट्टीच्या दोन दिवस आधी."

पिटुकली नखं खात विचार करत होती. "आणि तुमच्याकडे ही रद्दी कुठून येते?"

"शाळेतूनच. सुट्टी लागली त्या दिवशी कारकुनांनी कपाट साफ केलं आणि दोन गोण्या..."

पेन्सिलने जीभ चावली. "आमचे अर्ज तर जाड कागदावर होते!" 

"काकू," पिटुकलीने हळूच विचारलं, "त्या गोण्यांत जाड कागद होता का हो?"

"होता की. चांगला जाड, एका बाजूने कोरा. जाड कागद मीच घेते, या पोरीच्या हातांना तो वळत नाही. तीन-तीन कागद जोडून मोठ्या पिशव्या केल्या आणि बेकरीला दिल्या." काकूचा हात खळीच्या भांड्यातच राहिला. "मला कुठे वाचता येतं? म्हणजे... माझ्या पोरीचा अर्ज मीच चिकटवला?"

 पेन्सिलने आईच्या गळ्यात हात टाकले. "तुझी काय चूक, आई? कागद टाकणाऱ्याला तर वाचता येत होतं ना!"

"अजून पाऊण तास आहे," दादा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला. "पळा!"

*

"मोठ्या पिशव्या?" बेकरीवाले काका पिठाचे हात झटकत म्हणाले. "सगळ्या खपल्या रे! शेवटच्या तीन होत्या, त्यात आत्ताच बिस्किटं भरून शाळेत पाठवली. कसलीशी बैठक आहे म्हणे."

चौघं जे सुटले ते थेट शाळेच्या फाटकाशी थांबले. पेन्सिलची पावलं तिथेच अडली. "मला आत येऊ देत नाहीत."

"आज तू शाळेत येतच नाहीयेस," पिटुकली म्हणाली. "आज तू बिस्किटं वाढायला आली आहेस. चल!"

बैठकीच्या खोलीबाहेर टेबलावर तीन गलेलठ्ठ पिशव्या होत्या, आणि त्यांच्यामागे शिक्केकाका घाम पुसत बशा शोधत होते.

"काका, आम्ही लावू बशा?" पिटुकलीने जगातला सर्वांत गोड चेहरा केला.

"लावा, लावा! शहाणी मुलं आहात!" काका म्हणाले, पण तिथून हलेनात. दादाने भोंग्याला कोपराने ढोसलं.

"काका!" भोंगा गरजला. "तुमच्याकडे एकूण शिक्के किती आहेत हो? मला बघायचेत! सगळे!"

शिक्केकाकांची कळी खुलली. असा रसिक त्यांना जन्मात भेटला नव्हता. ते भोंग्याला कचेरीत घेऊन गेले.

दादाने पहिली पिशवी बशांत रिकामी केली. पिटुकली ती ओढून फाडणार, तेवढ्यात पेन्सिलने तिचा हात धरला. "फाडू नकोस! बोट ओलं करून कडेवर दाब. खळ आपोआप सुटते." तिची बोटं सराईतपणे फिरली आणि पिशवी उलगडली. आत होतं गेल्या सालचं वेळापत्रक.

दुसऱ्या पिशवीत जुन्या सूचना निघाल्या. आता एकच पिशवी उरली होती. आत बैठक सुरू झाली होती, आणि दादाने ती इतक्या घाईत उलटी केली की निम्मी बिस्किटं जमिनीवर सांडली. पेन्सिलने शेवटची कड ओली केली, दाबली आणि हलकेच उघडली.

 तिने बोट ठेवून दाखवलं. तीन अर्ज, एकाला एक चिकटलेले! आणि प्रत्येकावर गोल, जांभळा, ठसठशीत शिक्का : पोचला.

*

"मुलींचा एकही अर्ज आलेला नाही," कचेरीतून धावतपळत बैठकीत पोचलेले शिक्केकाका यादी वाचत होते. "त्यामुळे यादी कायम करायला हरकत..."

दार उघडलं. बशा घेऊन चार मुलं आत आली; भोंगाही कचेरीतून परतला होता. सगळ्यांपुढे बिस्किटं आली, शाळेच्या मोठ्या बाईंपुढे मात्र एक लांबलचक कागद आला.

"हे काय?" बाईंनी चष्मा वर सरकवला.

"बिस्किटांची पिशवी आहे, बाई," पिटुकली म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. "आतल्या बाजूने वाचा!"

बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं. "काका, हा शिक्का कुणाचा?"

"माझाच... म्हणजे शाळेचा..." शिक्केकाकांच्या तोंडातलं बिस्किट आत जाईना, बाहेर येईना. "त्या दिवशी घाईघाईत कपाट... चुकलंच माझं, बाई."

"चूक झाली खरी," समितीचे अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले. "पण मुदत टळली. नियम म्हणजे नियम."

"मग मला का नाही लावला?" भोंग्याचा आवाज असा काही लागला की खिडकीची तावदानं थरथरली. "मीही मागे वर्षभर आजारी होतो! परत आलो तेव्हा मला कुणी अर्ज मागितला नाही!"

"तू मुलगा आहेस. हा नियम मुलींसाठी आहे," अध्यक्ष म्हणाले.

"का?" पेन्सिलने विचारलं.

अध्यक्षांनी नियमांची वही उघडली.  कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं; इतक्या वर्षांत ते विचारलंच नव्हतं कुणी.

बाईंनी ती वही ओढून घेतली, त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि वही अध्यक्षांपुढे सरकवली. अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं आणि हसून सही केली.

"सोमवारी तिघीही या," बाई म्हणाल्या. "आणि अशी तपास करणारी मुलं माझ्या शाळेत असती तर मला कपाटांची काळजीच उरली नसती!"

"एक आहे की, बाई!" भोंगा म्हणाला, आणि सगळी खोली हसली.

तेवढ्यात दारात पिशवीवाली काकू येऊन उभी राहिली. तिच्या हातांवर खळ तशीच वाळली होती आणि तिला धाप लागली होती. पेन्सिल धावत तिच्याकडे गेली, कागद तिच्यापुढे धरला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागली, "माझ्या मुलीला शाळा फार आवडते. तिला परत घ्यावं, ही विनंती."

काकूने पदराने डोळे पुसले. हे शब्द तिनेच सांगून लिहून घेतले होते, पण कागदावर ते कसे दिसतात ते आज पहिल्यांदा कळत होतं. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग तिने चाचरत विचारलं, "बाई, मला हे वाचायला शिकायचं असेल, तर अर्ज कुठे द्यायचा?"

"कुठेच नाही," मोठ्या बाई आपल्या शेजारची खुर्ची ओढत म्हणाल्या. "बसा."