विहिरीचं वय

आता प्रत्येक विहिरीच्या काठावर एक निळी पाटी असते आणि त्या पाटीवर आतल्या पाण्याचं वय लिहिलेलं असतं. सव्वीस वर्षं. त्रेसष्ट वर्षं. सोयरिकीला आलेली माणसं घरात पाऊल टाकण्याआधी काठावर वाकून पाटी वाचतात आणि पाणी तरुण असलं तरच चहाला बसतात. आकडा शंभरच्या पुढे गेला की पाटी लाल होते. विहिरीवर लोखंडी झाकण बसतं, मोटारीच्या तारा सुटतात आणि गाव टँकरवर येतं.

वय काढणारं यंत्र ताकाच्या बरणीएवढं असतं. त्याला वयमापी म्हणतात. आभाळातून येणाऱ्या किरणांमुळे हवेत एक जड आणि अस्थिर हायड्रोजन तयार होत असतो. पावसाबरोबर तो जमिनीत मुरतो. खडकाच्या आत गेल्यावर नवा हायड्रोजन मिळत नाही आणि असलेला साधारण दर बारा वर्षांनी निम्मा होत जातो. दिव्यातलं उरलेलं तेल बघून दिवा कधी लावला ते सांगावं, तसं ते उरलेलं मोजून पाऊस कधीचा ते सांगता येतं. फार जुन्या पाण्यात हे तेल उरतच नाही, तिथं विरघळलेल्या वायूंचे अणू मोजतात. पूर्वी एका नमुन्याला महिना लागायचा. वयमापीला चाळीस मिनिटं लागतात.

शंभरीपलीकडच्या पाण्याला लोक 'आजेपाणी' म्हणू लागले. आजेपाण्याला हात लावायचा नाही, हा कायदा डॉ. केतकी घोलप यांच्या लेखणीतून उतरला होता. पुण्याच्या एका विद्यापीठात त्यांनी चौतीस वर्षं जलधोरण शिकवलं. कायद्याच्या प्रस्तावनेतलं त्यांचं एक वाक्य शाळेतली पोरंसुद्धा म्हणून दाखवत: जे पाणी एका माणसाच्या आयुष्यात परत भरत नाही, ते त्या माणसाचं नाही.

कायदा सुचला तो कोळदऱ्यावरून. बालाघाटाच्या पठारावरचं हे दीडशे उंबऱ्यांचं गाव. चोविसाव्या वर्षी केतकी संशोधनासाठी इथं आली आणि तेव्हापासून दर साली पंचवीस मेला गावविहिरीची पातळी मोजत राहिली. आजूबाजूच्या विहिरी खोल गेल्या, कोळदऱ्याची तसूभरही उतरली नाही. कागदावर ते चौतीस ठिपके जोडले की अंगणात रांगोळी घालताना सुतानं आखावी तशी सरळ रेघ निघे. केतकीबाई ती रेघ दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर काढत आणि म्हणत, "बघा, माणसं शहाणपणानं वागली की पाणी थांबतं." तुकड्यांमागून तुकड्या ती रेघ वहीत उतरवून गेल्या. त्यांतले कितीतरी आज सचिव आहेत, पाटबंधारे खात्यात आहेत.

कोळदऱ्यात वयमापी मात्र सगळ्यांत शेवटी आली. आदर्श गावाची परीक्षा घ्यायची कुणाला घाई नव्हती. आता आठवड्यावर निवृत्ती आल्यावर केतकीबाई स्वतः बरणी घेऊन निघाल्या. गेल्या दोन वर्षांत एक गोष्ट त्यांना छळत होती. जी विहीर कधीच उतरत नाही, तिला खालून खोल जुन्या साठ्याचा आधार असण्याची शक्यता मोठी. म्हणजे कोळदरा शंभरीपार निघणार. म्हणजे ज्या गावानं त्यांना लेकीसारखं जेवू घातलं, त्याच गावाच्या विहिरीवर त्यांच्याच कायद्याचं झाकण बसणार.

विहिरीवर सगळा गाव जमला होता. कडुनिंबाखाली सतरंजी अंथरली होती, पण बसलं कुणीच नव्हतं. सरपंच रावसाहेब थेटे टोपी काढत होते, घालत होते. कायद्याप्रमाणे शेजारगावचा पंच हजर लागतो म्हणून आंबेवाकीचा सरपंच नवनाथ आला होता. आंबेवाकीच्या विहिरीचं वय तीनशे चाळीस निघालं होतं, झाकण बसून दोन वर्षं झाली होती. तो बाजूला, दगडावर टेकला होता.

"काय नवनाथ," रावसाहेब उगाच मोठ्यानं म्हणाले, "आज आमी बी तुमच्या पंगतीला बसतो का काय!"

"बसा की," नवनाथ म्हणाला. "टँकरच्या लाइनीत लई गप्पा हुत्यात. दोन हंडे होस्तोवर सगळ्या गावाची उणीदुणी निघत्यात."

कुणी हसलं नाही.

लंकाकाकूंनी पोहरा सोडला. वय पंच्याहत्तर, पण दोराला अजून दुसऱ्याचा हात लागू देत नसत. चौतीस वर्षांपूर्वी केतकीला मोजपट्टी विहिरीत कशी सोडायची ते त्यांनीच शिकवलं होतं. नमुना बरणीत गेला, झाकण फिरलं, बारीक घरघर सुरू झाली.

चाळीस मिनिटं. बायका पदराचं टोक दातात धरून उभ्या राहिल्या. केतकीबाईंनी एकदा आकाशाकडे बघितलं, एकदा लंकाकाकूंच्या अनवाणी पायांकडे. मग बरणीच्या काचेवर आकडा उमटला आणि त्यांनी तो तीनदा वाचला.

"सहा," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग रावसाहेबांनी टोपी हवेत उडवली. कुणीतरी ताशा आणून ठेवलाच होता, दोन्ही निकालांना चालावा म्हणून. बायकांनी एकमेकींच्या तोंडात साखर कोंबली. केतकीबाई मटकन सतरंजीवर बसल्या आणि किती दिवसांनी छातीभर श्वास घेतला. सहा वर्षं! आपलं गाव वाचलं. आपल्या हातानं वाचलं.

"रडती काय बाई," लंकाकाकू शेजारी टेकत म्हणाल्या. "आता तर हसायची येळ."

"सुटले काकू. मला वाटलं होतं, तुमच्या विहिरीला कुलूप लावून मी घरी जाणार."

"आन आमास्नी वाटलं, तुमच्या म्होरं आमचं बिंग फुटणार!" काकू खुदखुदल्या. भीती गेली की माणसाची जीभ सैल सुटते. "आता सांगाया हरकत न्हाई. तुमी पंचवीसला येनार म्हनलं की आमी बाविसालाच समद्या मोटारी बंद करायचो. तीन दिस थेंब उपसायचा न्हाई. जनावरं वड्यावर, धुणं बंद. मग विहीर कशी तुडुंब दिसायची!"

केतकीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे थांबले. "दर वर्षी?"

"पैल्या सालापासून. पावनी येनार, लेकीवानी पोर, उन्हातान्हाची मोजाया येती. तिला काय रिती विहीर दावायची? रित्या घागरीनं दारात कुनी उभं ऱ्हातं का बाई? तुमच्यासाठी तर म्या ओवीच जुळवली हुती," आणि काकूंनी मान डोलवत, जात्याच्या लयीत म्हटलं,

*दारी आली लेक माझी, भरली घागर तिला दावू,*
*रित्या इहिरीचं गाऱ्हानं, उद्या आपलं आपन गाऊ.*

ताशा वाजत होता. केतकीबाईंनी हळूच विचारलं, "आणि एरवी, मे महिन्यात, मोटारी चालू असताना, पाणी कुठं असतं काकू?"

"धा-बारा वर्सं झाली, तळाचा दगूड दिसतुया. रातभर झिरपलं की सकाळी उपसायचं. आदी न्हवतं तसं. आदी तळ बघितलेलं मानूस गावात न्हवतं."

चौतीस ठिपके. फळ्यावरची ती सरळ रेघ म्हणजे एका गावाचा पाहुणचार होता.

केतकीबाईंनी काकूंचा हात धरला. "काकू, तुमच्या घरी कणगी होती ना? ज्वारीची?"

"हुती की. दोन."

"नवं धान्य वरून ओतायचं आणि खाली जुनं राहायचं. दुष्काळाला ते खालचं. आता सांगा, कणगीत हात घातला आणि तळापर्यंत नुसती औंदाचीच ज्वारी लागली, तर काय समजायचं?"

लंकाकाकूंनी क्षणभरही घेतला नाही. "जुनं खाऊन संपलं."

"ही सहा वर्षं म्हणजे तेच आहे. पाणी तरुण आहे कारण म्हातारं उरलेलंच नाही."

काकूंनी विहिरीकडे बघितलं. "म्हंजी आंबेवाकीचं तीनशे चाळीस..."

"त्यांची कणगी भरलेली आहे. त्यांनी कोरडवाहू ज्वारी केली, मोटारी जपून चालवल्या. आणि मी त्यांना झाकण लावलं. तुम्हाला पेढे."

"आता?" काकूंनी विचारलं. "सांगनार तुमी?"

न सांगताही चाललं असतं. यंत्रानं सहा म्हटलं होतं, कायदा शंभर म्हणत होता, आठवड्यानं निरोपसमारंभ होता. विद्यापीठानं त्या रेघेची चांदीची फ्रेम करायला टाकली होती, हेही त्यांना ठाऊक होतं. पण वर्गात चुकीचं गणित फळ्यावर राहिलं तर घंटा झाल्यावरही पुसायला परत येणारी ही बाई. त्या उठल्या, ताशेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सगळं सांगितलं. मोटारींची गोष्ट सांगताना गाव माना खाली घालून हसलं. कणगीची गोष्ट सांगताना एकेक जण विहिरीत वाकून बघू लागला. "चूक तुमची नाही," त्या म्हणाल्या. "मी चौतीस वर्षं एकाच दिवशी आले. आदल्या आठवड्यात, न कळवता, एकदाही आले नाही. लेकीनं असं अवचित घरात डोकावायचं असतं, तेवढं मी केलं नाही. कायदा बदलायला मी उद्याच लिहिणार आहे. नुसतं वय बघून चालणार नाही, साठा किती तेही बघायला हवं."

रावसाहेबांनी घसा खाकरला. "बाई, ते बदलाया किती दीस?"

"दोन वर्षं. तीन."

"आन तवर आमची पाटी?"

"निळीच."

गावानं पुन्हा श्वास सोडला. रावसाहेब भले माणूस, त्यांनी उन्हाळ्यात ऊस अर्धा करायचं तिथल्या तिथं कबूल केलं. लंकाकाकू म्हणाल्या, "पुढल्या साली अवचित या, बाई. रित्या विहिरीवर बसून भाकर खाऊ." केतकीबाईंना वाटलं, आपण पंचवीस वर्षांनी लहान झालोय. खोटं वाहून नेताना त्याचं ओझं कळत नाही, खाली ठेवल्यावर खांदे कळतात.

बरणी घेऊन त्या गाडीकडे निघाल्या, तेव्हा नवनाथ मागून झपझप चालत आला. दोन वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर त्यांनी असा उजेड बघितला नव्हता.

"मॅडम, पंच म्हणून सही केली बरं का. पण एक विचारू?"

"विचारा ना."

"आमची विहीर जुन्या पाण्यामुळं लाल झाली. जुनं पाणी उपसून टाकलं, की मागं नवंच ऱ्हातंय. म्हंजी पाटी निळी. असंच ना?"

केतकीबाई थांबल्या. "नवनाथ, तसं करायचं नसतं."

"हिशेबात चुकलो का?"

"हिशेबात नाही चुकलात. पण ते पाणी तुमच्या नातवंडांचं..."

"नातवंडं गेली की चाकणला. टँकरच्या लाइनीला कटाळून सून घिऊन गेली." तो राग न धरता, मोकळं हसला. "पाटी निळी झाली तर परत येत्याल, म्हनलीया ती. झाकनाला हात लावत न्हाई आमी, कायदा मोडायचा न्हाई. वड्याच्या कडंला पाटी नसल्याल्या तीन जुन्या बोअर हायती, त्याच झऱ्यावरच्या. किती दिस चालवाव्या लागत्याल, मॅडम? अंदाजे?"

चौतीस वर्षांत त्यांनी विद्यार्थ्याचा प्रश्न कधी टाळला नव्हता. उत्तर त्यांना येत होतं. खडकाचा प्रकार, साठ्याची जाडी, मोटारीची ताकद. डोक्यात आकडे आपोआप ओळीनं उभे राहिले. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

नवनाथनं ते मौन आदरानं घेतलं. वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "खात्याची मानसं दोन वर्सं येत्यात, कागद वाचत्यात, जात्यात. इतकं सोपं करून कुनी सांगितलंच न्हवतं बघा. डोक्यावरचा धोंडा उतरला."

तो उतार उतरून गेला, पोरासारखा, दगडांवरून उड्या मारत. वळणावर त्यानं फोन कानाला लावला, आणि वाऱ्यावरून त्याचा हसरा आवाज वर आला.

"हां, मोटारी काढ भाईर. न्हाई रं, तिन्ही."